हत्यारं घेतली साडेबावीस हजारांची, त्यांना पोसायला लागले अठ्ठावीस हजार

वर्तकनगरचा_रंधा
१४ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बाहेर धो धो पाऊस आहे आणि वही समोर आहे म्हणून बसलो. मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो, नोकरी आयटीतली, मागच्या वर्षी एप्रिलपासून लाकूडकामाचा नाद लागलाय. ड्राय बाल्कनीत आणि सोसायटीच्या गच्चीवर काम करतो, गच्चीसाठी लेखी परवानगी काढली आहे, फक्त रविवारी सकाळी १० ते १. आत्तापर्यंत दोन स्टुलं, मुलीचं स्टडी टेबल, चपलांचं कपाट आणि आईसाठी देवघर एवढं झालंय.

सुरुवातीला बजेट केलं ते फक्त मशीनचं. ट्रिम राउटर (लाकडात खाच पाडायचं, कडांना आकार द्यायचं मशीन) ३४००, जिगसॉ (वळणदार कापायची करवत) ३२००, गोल पॅडवाला सँडर (पेपर लावून लाकूड घासायचं मशीन) ३९००, सर्क्युलर सॉ ५५००, दोन बॅटऱ्यांसकट ड्रिल ६५००. झाले २२५००. मला वाटलं आता पुढे फक्त लाकडाचा खर्च. आमच्या घरी दूधवाल्यापासून सगळ्याचा हिशोब वहीत असतो, आईचीच सवय, म्हणून याचंही एक पान मागच्या बाजूने सुरू केलं आणि काल सहज बेरीज मारली. १४ महिन्यांत लाकूड सोडून वरचा खर्च २८३३०.

कुठे गेले ते सांगतो. सगळ्यात जास्त धुळीवर, ७३५०. त्यात व्हॅक्यूम ५२०० चा, त्याच्या पिशव्या आणि फिल्टर १३००, मास्क ८५०. मग क्लॅम्प (फळ्या आवळून धरायचे) ४२००, गोंद आणि पॉलिशचं सामान ३९००, राउटरची बिटं (त्यात बसवायची छोटी पाती) ३६००, सँडरचे पेपर ३१५०, ब्लेडं २८००, धार लावायचं सामान २१००, बाकी सँडरचं नवीन पॅड, कार्बन (मोटरमध्ये घासून झिजणारे छोटे तुकडे), तेल, सिलिका जेल असं किरकोळ. आणि ज्या विजेच्या बिलाची घरात सगळ्यात जास्त भीती होती ते कुठेच नाही, कारण १२०० वॉटचा सॉ अख्ख्या दिवसात मिळून दहा मिनिटं चालतो म्हणजे ०.२ युनिट, सँडर ३०० वॉटचा, तासभर सलग चालवला तरी ०.३ युनिट.

यातले साधारण तिसरा हिस्सा पैसे माझ्या अज्ञानामुळे गेलेत असं मला वाटतं. उदाहरण सांगतो. स्टडी टेबलचा टॉप जुन्या सागाचा होता, मी ८० नंबरचा पेपर लावून सँडरवर दोन्ही हातांनी भार देऊन घासत होतो, काम लवकर उरकेल म्हणून. दहा-बारा मिनिटांनी पेपर आपोआप सुटून गच्चीच्या कठड्यापर्यंत उडाला. दुसरा लावला, तोही सुटला. उलटं करून बघितलं तर पॅडवरचे वेल्क्रोचे बारीक हुक मधल्या भागात वितळून चपटे झालेले, बोट फिरवलं तर तिथे गुळगुळीत, कडेला खरखरीत. दाबलं की घर्षणाने उष्णता होते आणि पहिलं पॅडच जातं. नवीन पॅड ६५०. शिवाय दाबल्यामुळे लाकडावर गोल गोल चरे पडले ते काढायला अजून चार पेपर गेले. सँडर त्याच्या स्वतःच्या वजनावर चालवायचा, हात फक्त दिशा द्यायला, हे मला कोणीतरी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी इथे सांगतोय.

तुमचा वरचा खर्च कुठे जातो? जे नवीन घेणार आहेत त्यांच्यासाठी एका जागी जमा होऊ दे.

---

सानपाडा_हौशी
१४ जून, रात्री ११:०५

सेम! माझ्याकडे वही नाही पण जीपेची हिस्टरी बघितली तर हार्डवेअरवाल्याचं नाव दर आठवड्याला आहे 🙏 मस्त विषय काढलात

---

कोपरखैरणे_सुतारकाम
१५ जून, सकाळी ७:२०

दादा चांगलं लिहिलंय. माझा हा धंदा आहे, वडिलांपासून. धारेबद्दल लिहितो कारण बाहेरच्या माणसाला हा खर्च दिसतच नाही.

आमचे वडील सकाळी कामावर पोचले की आधी पटाशा काढायचे. चहा नंतर. दगडावर तेलाचे दोन थेंब, पटाशीचा उतार दगडाला पूर्ण टेकवून पुढे मागे, मग पाठ उलटी करून सपाट एकदा, आणि मनगटावरचे केस सहज निघाले की मगच लाकडाला हात. रोजची १५-२० मिनिटं. मी लहान असताना मला वाटायचं हे काम नाही टाईमपास आहे, आता कळतं की बोथट पटाशीने जे काम दिवसभर चालतं ते धारेच्या पटाशीने दुपारपर्यंत होतं, आणि बोथट हत्यार जास्त जोर मागतं आणि सुटलं की सरळ डाव्या हातात जातं. माझ्या डाव्या अंगठ्यावर चार टाके आहेत ते बोथट पटाशीचेच.

नवीन पोरं काय करतात, बेंच ग्राइंडरवर धरतात. कड निळी पडते. निळी पडली म्हणजे पाणी उतरलं, तेवढा भाग मऊ झाला, आता कितीही धार काढा दहा मिनिटांत बसणार. मग तेवढा निळा भाग घासून काढून टाकायचा, पटाशी तेवढी आखूड. ग्राइंडरवर धरायचीच असेल तर बाजूला पाण्याचा डबा ठेवा आणि हाताला गरम लागायच्या आत बुडवा, दर दोन-तीन सेकंदांनी. हे जमत नसेल तर काचेच्या तुकड्यावर पाण्याचा पॉलिश पेपर चिकटवा, २२०, ४००, ८००, १५०० नंबरचे एकामागून एक, आणि त्यावर हाताने करा. ग्लासवाल्याकडे कापून उरलेला जाड काचेचा तुकडा फुकटात मिळतो. २१०० रुपये दगडावर घालायची गरज नव्हती, पण घेतलाय तर तो दगड तुमच्या मुलांनाही पुरेल.

---

ऐरोली_नवशिका
१५ जून, दुपारी १:१०

मी अजून काहीच घेतलेलं नाही, फक्त बघतोय. प्रश्न असा की बॅटरीवाली मशीन घ्यावी का वायरवाली? दुकानात १८ व्होल्ट आणि २० व्होल्ट अशा दोन दाखवल्या, २० वाली जास्त ताकदीची म्हणाले.

---

रबाळे_मेंटेनन्स
१५ जून, दुपारी २:३५

मी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, रोज मोटरीच उघडतो, त्यामुळे सांगू शकतो. १८ आणि २० एकच आहे हो. आत लिथियमचे सेल असतात, एका सेलचं नॉमिनल व्होल्टेज ३.६, पाच सेल सीरीजमध्ये, झाले १८. पूर्ण चार्ज झाल्यावर तोच सेल ४ च्या वर जातो, पाचांचे झाले २० च्या वर, म्हणून काही जण खोक्यावर २० लिहितात. त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

खरा प्रश्न पुढचा आहे. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही. म्हणजे पहिलं ड्रिल घेताना तुम्ही ड्रिल घेत नाही, पुढच्या पाच-सात वर्षांची बॅटरी निवडताय. आणि बॅटरी वापरा न वापरा, म्हातारी होतेच. तीन-चार वर्षांनी ती बदलायची वेळ येते तेव्हा दोन बॅटऱ्या आणि चार्जरची किंमत बघा, जवळपास नवीन सेटएवढी असते. मशीन ठणठणीत आणि बॅटरी नाही म्हणून पडून राहिलेली ड्रिलं मी कितीतरी बघितलीत. त्यामुळे ज्या मॉडेलची बॅटरी आपल्या भागात सुटी मिळते तेच घ्यायचं, दुकानदाराला आधी सुटी बॅटरी दाखव म्हणायचं, मग मशीन. ठेवताना अर्धी चार्ज करून ठेवा, माळ्यावर पत्र्याखाली नको, उष्णतेने लवकर मरते. काम करून तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, थंड होऊ द्या.

माझं मत, ड्रिल बॅटरीचं घ्या, बाकी सॉ, सँडर, राउटर वायरचं. वायरच्या मशीनचा खर्च म्हणजे कार्बन. ९०-१०० रुपयांची जोडी. बाहेरून दोन टोप्या असतात, स्क्रू ड्रायव्हरने उघडतात, वर्षातून एकदा उघडून लांबी बघा. ५-६ मिलिमीटरच्या खाली आला की बदलायचा, दोन्ही एकदम. लोक बघत नाहीत. मशीन मधेच थांबायला लागली की आपटतात, चालू होते, पुन्हा वापरतात, आतून निळ्या ठिणग्या दिसतात तरी वापरतात. तोपर्यंत कार्बन संपून त्याची स्प्रिंग कॉम्युटेटरला (कार्बन ज्यावर टेकतो त्या फिरत्या तांब्याच्या भागाला) घासायला लागलेली असते. मग आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, गेलं. १०० रुपयांचं काम १२००-१५०० वर जातं आणि बऱ्याचदा एवढ्या खर्चात लोक मशीनच टाकून देतात. नवीन कार्बन टाकल्यावर पाच मिनिटं लोड न देता फिरवा, तोंड नीट बसतं.

लाकडाचा बारीक भुसा बेअरिंगमध्ये जातो हे दुसरं. काम झालं की ब्लोअरने मोटरच्या जाळीतून हवा मारा, रोज, फक्त गॉगल घालून.

---

ऐरोली_नवशिका
१५ जून, दुपारी ३:००

बापरे, हे दुकानात कोणी सांगितलंच नाही. खूप आभार सर.

---

नेरुळ_लाकूडखेळ
१५ जून, संध्याकाळी ६:४८

मी छोटे ट्रे, पोळपाट, मुलांची खेळणी करते आणि विकते, तीन वर्षं झाली. विकणाऱ्यांच्या बाजूने लिहिते, कारण हौस म्हणून केलं तर हा खर्च खिशातून जातो पण विकायला लागलं की हा खर्च कोण भरतं हा प्रश्न येतो.

पहिल्या वर्षी मी एक ट्रे ४५० ला द्यायचे. माझ्या डोक्यात लाकडाचे १९० आणि तेल-मेणाचे ४५, म्हणजे सरळ २१५ राहतात असं होतं. माझे मिस्टर अकाउंट्समध्ये आहेत, ते म्हणाले घसारा कुठे आहे यात? मग आम्ही दोघांनी बसून एका ट्रेचा हिशोब काढला. पेपर ३०, ब्लेड आणि बिटाची झीज २५, मास्क आणि व्हॅक्यूमची पिशवी १५, खोका आणि पॅकिंग ४०. एकूण ३४५. राहिले १०५, आणि एका ट्रेला माझे दोन तास जातात. त्या रात्री मला खरंच रडू आलं, कारण तोपर्यंत मी साठेक ट्रे विकले होते आणि प्रत्येक वेळी आनंदाने विकले होते.

झीज कशी धरायची ते सांगते, सोपं आहे. नवीन ब्लेड लावलं की त्यावर मार्करने तारीख लिहायची आणि किती नग झाले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारायच्या. कडा जळायला लागल्या की थांबायचं, रेघा मोजायच्या, किमतीला भागायचं. तीन-चार वेळा केलं की आकडा पक्का होतो. आता माझा ट्रे ७८० ला आहे, गिऱ्हाईक थोडं कमी झालं पण जे येतं ते पुन्हा येतं.

अजून एक. खाण्याच्या वस्तूंना जवसाचं तेल लावत असाल तर कच्चं लावा. हार्डवेअरमध्ये जे बॉइल्ड म्हणून मिळतं त्यात लवकर सुकायला धातूंचे ड्रायर घातलेले असतात. कच्चं सुकायला खूप दिवस लागतात, तोही वेळेचा खर्चच. आणि कृपा करून तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. मी दोरीवर एकेरी पसरून वाळवते, मगच कचऱ्यात.

---

वर्तकनगरचा_रंधा
१५ जून, रात्री ९:३०

ताई, तारीख लिहायची आयडिया आजच अमलात आणली. फडक्यांचं मला माहीतच नव्हतं, आमच्या बाल्कनीत बादलीत तीन पडली होती, आत्ता उठून बाहेर पसरून आलो.

---

कळवा_खाडीकाठ
१६ जून, सकाळी ८:१५

पावसाळ्याचा खर्च राहिला!! आमच्याकडे खाडी जवळ, हवेत कायम दमटपणा. दोन वर्षांपूर्वी मी पटाशांसाठी छान चामड्याचा गुंडाळी पाउच घेतला ९०० रुपयांना आणि जूनमध्ये गुंडाळून कपाटात ठेवून गावाला गेलो. गणपतीला परत आलो तर सहाच्या सहा पटाशांवर तांबूस गंज आणि तोही चामडं जिथे टेकलेलं होतं तिथेच, पट्ट्याचा आकार तसाच्या तसा उमटलेला. चामडं ओल धरून ठेवतं. घासून घासून काढला पण पाठीवर खड्डे राहिलेच आणि पाठ सपाट नसेल तर धार येत नाही. दोन टाकून द्याव्या लागल्या.

आता चामडं बंद. झाकणवाला प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरतो. आणि हत्यार ठेवताना शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात, ४० रुपयांची बाटली दोन वर्षं पुरली. खोबरेल लावू नका, ते चिकट होतं. गंज उडवायचे जे स्प्रे मिळतात ते ओल काढायला चांगले पण उडून जातात, महिनाभर राखत नाहीत. घामाच्या हाताने धरलं तरी दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे गंजतात, पुसून ठेवायचं एवढं लक्षात ठेवा.

---

चरई_जुनं_घर
१६ जून, सकाळी ११:४०

मला एक वेगळं म्हणायचंय. माझे आजोबा चरईत एका रंध्यावर, दोन करवतींवर, चार पटाशांवर आणि काटकोन बघायच्या एका गुण्यावर अख्ख्या घराची दारं-खिडक्या करायचे. ना धूळ ओढायची मशीन ना बॅटरी. आपण मशीनच्या मागे लागून खर्च वाढवून घेतलाय असं मला मनापासून वाटतं. हाताने करा, खर्चच होणार नाही.

---

कोपरखैरणे_सुतारकाम
१६ जून, दुपारी १२:५०

काका, तुमच्या आजोबांचं काम मोठंच. पण हाताच्या कामाला खर्च नव्हता असं नाही म्हणता येणार. करवतीला तिकोनी कानस लागायची, दर आठवड्याला दात घासायचे, दातांना एकाआड एक वळण द्यायचं, आणि कानस झिजली की नवीन. आता तर बाजारात ज्या करवती मिळतात त्यांच्या दातांची टोकं काळी-निळी असतात, कडक केलेले दात, त्यांवर कानस चालतच नाही. धार गेली की करवत नाहीतर पातं बदला. म्हणजे हातकरवतही आता संपणारी वस्तू झाली.

पण तुमच्या मुद्द्यात खरं आहे ते असं की रंध्याला धूळ नाही होत. छिलके होतात, ते झाडूने गोळा होतात. फुप्फुसात जाते ती सँडरची धूळ. चांगल्या धारेचा रंधा मारला की पेपर निम्मा लागतो.

---

घोडबंदर_बाल्कनी
१६ जून, दुपारी ४:२२

धुळीचं निघालंच आहे तर लिहितो. मी एमडीएफचे (लाकडाचा भुसा डिंकात दाबून केलेल्या बोर्डाचे) बुकशेल्फ करायचो, बंद बाल्कनीत, रुमाल बांधून. सहा महिन्यांत कोरडा खोकला सुरू झाला, मग रात्री छातीत सूं सूं. डॉक्टरांनी विचारलं काय काम करता, मी म्हटलं ऑफिस, त्यांनी पुन्हा विचारलं घरी काय करता. तेव्हा सांगितलं. श्वासाचा पंप सुरू झाला, तपासण्या झाल्या, चार महिन्यांत १४००० च्या वर गेले. धुळीची सोय मी ३००० वाचवायला केली नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी आयएआरसी म्हणून संस्था आहे, तिने १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली आहे, नाकाचा आणि त्याच्या आजूबाजूच्या पोकळ्यांचा कॅन्सर. ते मुख्यतः वर्षानुवर्षं कारखान्यात काम केलेल्यांवरून आहे, हौशी माणसाला घाबरवायला नाही सांगत. पण एमडीएफमध्ये फॉर्मल्डिहाइडवाला डिंक असतो आणि धूळ मैद्यासारखी बारीक, हे मी स्वतः भोगलंय. रुमाल काही अडवत नाही. एन९५ घ्या, कडेने हवा येत नाही ना बघा, पट्टी सैल झाली की टाकून द्या. ज्यांनी ७३५० धुळीवर घातले त्यांना मी म्हणेन की तुमचे सगळ्यात योग्य पैसे तेच आहेत.

---

रबाळे_मेंटेनन्स
१६ जून, संध्याकाळी ५:१०

काळजी घ्या दादा. आता बरं आहे ना?

व्हॅक्यूमबद्दल एक, मशीन आणि व्हॅक्यूमच्या मध्ये झाकणाच्या बादलीवर सायक्लोन (हवा गोल फिरवून भुसा खाली पाडणारं नळकांडं) बसवा. जड भुसा बादलीत पडतो, फिल्टरपर्यंत फार थोडा जातो. पिशव्यांचा खर्च बराच खाली येतो.

---

घोडबंदर_बाल्कनी
१६ जून, संध्याकाळी ५:३०

आता बरं आहे. एमडीएफ सोडलं, फक्त भरीव लाकूड, आणि गच्चीवरच.

---

सानपाडा_हौशी
१६ जून, रात्री ८:४०

राउटरच्या बिटांवर ३६०० कसे गेले? मी तर १२ चा सेट ११०० ला घेतला

---

वर्तकनगरचा_रंधा
१६ जून, रात्री १०:१५

मीही तोच सेट घेतला होता पहिला. त्यातली तीन बिटं वापरात आली, बाकी नऊ तशीच खोक्यात आहेत. साग कापताना दोनांची धार दोन महिन्यांत गेली आणि चांगली सुटी घ्यावी लागली. पण मोठा फटका वेगळाच बसला.

दुकानात बिट मागितलं तेव्हा काउंटरवरच्या माणसाने विचारलं दोन सुताचं ना? मी हो म्हटलं. आपल्याकडे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दोन सूत म्हणजे पाव इंच. पण बाजारात बोलताना दोन सूत आणि सहा मिलिमीटर एकच धरतात, प्लायचंही तसंच बोलतात. मला मिळालं ते ६ मिलिमीटर दांड्याचं बिट आणि माझ्या राउटरचं कॉलेट (बिटाचा दांडा पकडणारी नळी) पाव इंचाचं, म्हणजे ६.३५. फरक पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही, त्याच्या निम्म्याहून कमी. पान्याने आवळलं, आवळल्यासारखं वाटलं. देवघराच्या मागच्या फळीला खाच पाडत होतो, पहिली वीतभर व्यवस्थित, मग आवाज बदलला, जरा भारी झाला. थांबून बघितलं तर खाच हळूहळू खोल खोल गेलेली, शेवटी १२ मिलिमीटरच्या फळीत ९ मिलिमीटर. बिट फिरता फिरता कॉलेटमधून खाली सरकत होतं. मी अजून एक सेकंद थांबलो नसतो तर ते फळीतून बाहेर आलं असतं. राउटर मिनिटाला ३०००० च्या आसपास फेरे मारतो, ते सुटलं असतं तर कुठे गेलं असतं याचा विचार अजूनही रात्री येतो. बिटाच्या दांड्यावर चरे, कॉलेट आतून घासलेलं, नवीन कॉलेट ४५०, फळी नवीन, बिट नवीन.

तेव्हापासून खिशात व्हर्नियर कॅलिपर असतो, साधा ३५० चा, आणि दुकानातच मोजतो. सूत म्हणत नाही, मिलिमीटर म्हणतो.

---

कोपरखैरणे_सुतारकाम
१६ जून, रात्री १०:४०

देवाने वाचवलं दादा. हे आमच्या पोरांनाही दाखवतो उद्या.

---

वागळे_गाळा
१७ जून, सकाळी ९:५५

माझा वागळे इस्टेटला छोटा गाळा आहे. लाकडाबद्दल दोन गोष्टी.

वखारीत लाकूड घनफुटावर मिळतं आणि ते खरबरीत असतं. एक इंचाची फळी दोन्ही बाजूंनी रंधा मारून सपाट केली की पाऊण इंच हातात येते. पैसे एक इंचाचे दिलेत. वर गाठी, भेगा, टोकं कापली, करवतीची रुंदीच प्रत्येक कापाला तीन मिलिमीटर खाते. मी गिऱ्हाइकाला सांगतो की मापात जेवढं लागतं त्याच्या सव्वापट ते दीडपट धरून या. हा भुसा पण विकत घेतलेलाच असतो. आणि त्यासाठी थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची करणारं) मशीन घेऊ नका, बऱ्याच वखारीत नाहीतर आमच्यासारख्या गाळ्यात फुटावर पैसे घेऊन रंधा मारून देतात. वर्षाला चार टेबलं करणाऱ्याला २५-३० हजारांची मशीन कधीच वसूल होत नाही, वर तिची पाती, पट्टा, जागा.

दुसरं, जुन्या वाड्यांचं, चाळींचं सागवान आणतात लोक. लाकूड सोन्यासारखं असतं, शंभर-शंभर वर्षांचं पक्कं, पण आत खिळे. दिसत नाहीत, डोकं तुटून आत राहिलेले, वरून रंगाचे पाच थर. मागच्या महिन्यात एक जण दाराची चौकट घेऊन आले, मला म्हणाले खिळे सगळे काढलेत. पहिल्याच फेरीत खट्ट आवाज आला आणि मशीनच्या तिन्ही पात्यांना एकाच जागी दात पडले. त्यानंतर निघालेल्या प्रत्येक फळीवर एक उभी रेघ उमटत होती. पात्यांची धार ६०० रुपये आणि माझा अर्धा दिवस. आता मी लोहचुंबक फिरवल्याशिवाय जुनं लाकूड आत घेत नाही, ठाण्यातल्या पोलीस स्टेशनबाहेर गाडी तपासतात तसं 🙏 आणि त्याचे वेगळे पैसे सांगतो, लोक समजून घेतात.

---

ऐरोली_नवशिका
१७ जून, सकाळी १०:३०

मग सुरुवातीला मी घेऊ तरी काय?

---

वागळे_गाळा
१७ जून, सकाळी ११:१०

आधी ठरव काय करायचंय. स्टूल करायचंय तर स्टुलाला लागतं तेवढंच घे. वायरचं ड्रिल, एक हातकरवत, दोन पटाशा, धारेची सोय, चार एफ क्लॅम्प, मास्क. प्लाय दुकानातच मापाने कापून घे. ज्या कामाला मशीन लागेल त्या दिवशी कुणाकडून आण, तीनदा आणायला लागली की मग विकत घे. आणि मशीनसाठी बाजूला काढलेल्या पैशांतले निम्मेच मशीनवर घाल.

---

रबाळे_मेंटेनन्स
१७ जून, दुपारी १:२०

आणि कोणाच्याही सांगण्यावरून हातात धरायच्या ग्राइंडरला लाकडाचं दातांचं ब्लेड लावू नकोस. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११००० फेरे मारतो, ब्लेड लाकडात अडकलं की मशीन हातातून उलटी येते. आमच्या युनिटमध्ये एकाची दोन बोटं गेली. मार्बल कटरला (फरशी कापायच्या मशीनला) लाकडाचं ब्लेड लावून काम करणारे बरेच आहेत, तिथे निदान खाली सपाट पाया असतो, पण तिथेही ब्लेडवर लिहिलेला आरपीएम मशीनपेक्षा जास्त आहे ना ते वाचूनच लाव.

---

सानपाडा_हौशी
१७ जून, रात्री ८:०५

ब्लेडांना धार लावून मिळते का कुठे? माझी चार पडलीयत, प्लाय जळतोय

---

कोपरखैरणे_सुतारकाम
१७ जून, रात्री ९:००

मिळते. कार्बाइडच्या (कडक धातूची टोकं बसवलेल्या) दाताला दातावर भाव असतो, माझ्याकडे ४ रुपये दात घेतात. म्हणजे १० इंची ६० दातांचं २४० मध्ये होतं, नवीन १८०० ला आहे. चार इंची मार्बल कटरचं ४० दातांचं मात्र १६० लागतील आणि नवीनच ३०० ला मिळतं, ते एकदाच लावून घ्या फार तर.

पण थांबा, आधी धुवून बघा. प्लायचा डिंक आणि लाकडाचा चीक दाताच्या बाजूला चिकटतो, काळा थर होतो, तो घासतो म्हणून जळतं. लोकांना वाटतं धार गेली. ताटात कोमट पाणी, दोन चमचे धुण्याचा सोडा, ब्लेड १५-२० मिनिटं बुडवा, जुन्या टूथब्रशने दात घासा, स्वच्छ धुवून लगेच कोरडं करून तेलाचा हात. रात्रभर ठेवू नका. शनिवारी मी चाललोय धारवाल्याकडे तुर्भ्याला, ज्यांना द्यायची आहेत त्यांनी शुक्रवारपर्यंत माझ्याकडे आणून द्या, मेसेज करा.

---

वर्तकनगरचा_रंधा
१७ जून, रात्री ९:२५

माझी दोन. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर येतो.

---

सानपाडा_हौशी
२१ जून, रात्री ९:४५

रिपोर्ट देतो. चारपैकी दोन धुतल्यावरच ठीक झाली, खरंच फक्त थर होता, ताटातलं पाणी चहासारखं झालं. तिसरं धारेला दिलं, १६० लागले. चौथ्याचे दोन दात उडालेले होते, धारवाल्याने हातात घेऊन एक फेरी फिरवली आणि परत दिलं, म्हणाला याला लावून उपयोग नाही. आज १८ एमएमचा प्लाय कापला, कड हाताला गार लागली आणि काळी रेघ नाही. तीन ब्लेडांवर तारीख लिहिली. दादा तुमची दोन माझ्याकडे आहेत, त्यातल्या २४ दातांच्याला ९६ लागले, रविवारी गच्चीवर आणून देऊ का?